दोन झटक्यांची खूण

खरं सांगते. खरं सांगते. पुन्यांदा सांगते, खरं सांगते!

माझ्या दुभत्या म्हशीची शप्पत, माझ्या दोनी डोळ्यांची शप्पत. ह्यातला एक शब्द जरी खोटा निघाला तर माझी जीभ तिथंच गळून पडू द्या.

मला ठाऊक हाय, तुमी हसनार. बिबट्या माझ्या वट्यावर बसून चहा पिऊन गेला, असं मीच सांगत फिरले होते. ते खोटं होतं. त्यानं नुसतं दूध पेलं होतं.

पन हे तसलं न्हाई.

हे रातीचं बी न्हाई. भर दुपारचं हाय. सन दोन हजार एकोनीस, डिसेंबर महिना. श्रीवर्धनकडं समुद्राकाठी एक गाव हाय, तिथलं. बारा वाजून गेलते. लख्ख ऊन पडलं होतं.

आन त्या दुपारी माझ्या मेलेल्या बहिनीनं...

थांबा. आधी दुष्काळ सांगते. त्याबिगर तुमाला कळायचं न्हाई.

आमची वस्ती शिरूर कासारच्या अलीकडं. तेरा सालचा उन्हाळा. जनावरं छावनीत, मानसं टँकरच्या वाटंवर. टँकरचा हॉर्न फाट्यावर वाजला की बाया डरम नंबराला लावायला घरी पळायच्या. टँकर गावच्या हिरीत पाईप सोडायचा, आन मग सगळं गाव हिरीवर तुटून पडायचं. टँकर नसला त्या दिवशी हिरीत पानी म्हंजी तळाच्या खडकात एक खड्डा. त्यात घटकाभरानं दोन तांबे जमायचे.

ते काढायची एक रीत होती. एका बाईच्या कमरंला दोर बांधायचा आन तिला खाली सोडायचं. वर दुसरीनं रहाटाच्या खांबाला येढा देऊन दोर धरायचा. खाली अंधार. बोललेलं वर कळत न्हाई, नुसता घुमारा येतो. म्हनून खूण ठरलेली. दोराला एक झटका दिला की घागर वर घ्यायची.

दोन झटके दिले की... मला वर घे.

आन खालून सारखा एक आवाज यायचा. तांब्या खडकावर घासल्याचा.

खर्र... खर्र...

तो उन्हाळा आमी त्या आवाजावर काढला.

कडूबाई माझी धाकटी बहीन. आमच्याच गावात दिलेली. अंगानं काडी, म्हनून उतरायची पाळी तिचीच. वर दोर धरायला माझी जाऊ भामाबाई. मी त्या दिवशी नेकनूरला लेकीच्या बाळंतपनाला गेलते.

सांजच्याला निरोप आला. आले तर कडूला अंगनात निजवलेलं.

केसापासून पायापत्तर वली. दुष्काळात... चिंब.

भामा माझ्या गळ्यात पडून रडली. म्हनली, आक्का, दोर तुटला. कडू खडकावर पडली आन जागीच गेली. मी मानसं बोलवायला पळाले, तेवढ्यात टँकर आला आन कुनाला ठाव नसताना त्यानं हिरीत पाईप सोडला. पन तवा ती गेलीच होती गं. तिला काई कळलं न्हाई.

हे शेवटलं तिनं लई खेपा सांगितलं. तिला काई कळलं न्हाई.

मी म्हनलं, दोराचं तुटलेलं टोक दाखव. भामा म्हनली, नको आक्का, ते बघवायचं न्हाई तुला. तो दोर तिनं कडूच्या सरनावर टाकला. माझ्या डोळ्यांदेखत जळाला.

मी इस्वास ठेवला.

नुसता इस्वास न्हाई, बाळांनो. मी भामाला कडूच्या जागी बसवलं. सहा वर्षं आमी एका ताटात जेवलो. कडूचं हिरवं लुगडं मी माझ्या हातानं तिला नेसवलं. आमच्या बायांच्या दूध संस्थेत कडू डायरेक्टर होती, त्या जागेवर मी भामाचं नाव घातलं. आन एकोनीस साली तिला चेअरमन करायचं ठरलं, तवा सूचक म्हनून उभी राहनार होते मीच.

दौऱ्यावरून आल्यावर मीटिंग होती.

दौरा म्हंजी अभ्यास दौरा. ठरावात लिवलं होतं, कोकनातल्या दुग्धव्यवसायाची पाहनी. कोकनात कोन दूध घालतंय? सगळ्या बायांना समुद्र बघायचा होता. तेवढं ठरावात लिवलं न्हाई.

चौदा जनी बसमधून उतरलो आन जागीच उभ्या राहिलो.

एवढं पानी.

डोळ्याला शेवटच लागत न्हाई एवढं पानी, आन कुनी टँकर लावला न्हाई, कुनी नंबर धरला न्हाई. आमच्यातल्या चंद्रभागाबाईनं वंजळभर तोंडात घेतलं आन थुकलं. म्हनली, हे तर नासलंय. आमी पोट धरून हसलो.

भामा तेवढी हसली न्हाई. ती पान्यापासून चार हात लांब उभी होती.

वाळूवर पान्यातल्या फटफट्या भाड्यानं देत होते. जेट स्की म्हनतात म्हने. मी म्हनलं, बसायचं. बाया म्हनल्या, आजे, हाडं गोळा करावी लागतील. मी म्हनलं, मग पिशवी घेऊन उभ्या राहा. चंद्रभागाबाईनं घासाघीस करून एका फेरीत दोघींना बसवायचं कबूल करून घेतलं. मी भामाचा हात धरला. ती नको नको म्हनत होती. होनाऱ्या चेअरमनीननं भ्यायचं का म्हनलं तवा आली.

गाडीवाला पन्नाशीचा गडी. काळा गॉगल, मिश्या. त्यानं आमच्या लुगड्यावर नारिंगी जाकिटं चढवली, पट्टे आवळले. त्याच्या मनगटाला एक लाल पिळाची दोरी होती. दुसरं टोक गाडीला अडकवलेलं.

मी ईचारलं, हे कशाला?

तो म्हनला, आजी, मी पाण्यात पडलो तर ही दोरी निघते, गाडी आपोआप बंद पडते. माणसाला सोडून गाडी पुढं जात नाही.

मी भामाकडं बघितलं. ती दुसरीकडं बघत होती.

किती शहाणी सोय, बघा. दोर सुटला की सगळं थांबतं. आमच्या हिरीवर असली सोय न्हवती.

तो म्होरं बसला. त्याच्या मागं भामा. तिच्या मागं मी. माझ्या पाठीमागं एक कडी होती, ती मी दोनी हातांनी घट्ट धरली. हे ध्यानात ठेवा, दोनी हातांनी.

आन गाडी सुटली.

आगायाया... पान्यावर गाडी आपटायची ती दगडावर आपटल्यागत. मी वरडत होते, हसत होते. किनाऱ्यावरल्या बाया मुंग्यांएवढ्या झाल्या.

मग भामा ताठ झाली.

मान न वळवता तिनं ईचारलं, "आक्का, तू वढलंस का?"

"काय?"

"पट्टा. माझ्या जाकिटाचा. मागून दोन झटके बसले."

मी म्हनलं, न्हाई बाई. माझे हात कडीला हायेत.

तिची मान माझ्या डोळ्याम्होरं होती. त्या वाऱ्यात, त्या गारव्यात... तिच्या मानंवरून घाम वघळत होता.

तेवढ्यात आवाज आला.

पोंऽऽ... पोंऽऽ...

टँकरचा हॉर्न. तोच. आमच्या गावच्या फाट्यावर वाजायचा तो. मी चहूकडं बघितलं. होडी न्हाई, जहाज न्हाई. निस्तं पानी.

आन गाडी मागून दबली.

कोन तरी मागं बसल्यावर दबती तशी. माझ्या पाठीला गार लागलं. समुद्राचं गार न्हवं ते. त्याला वास होता... हिरीच्या तळाचा. वल्या चुनखडीचा.

मी मागं बघितलं न्हाई. मला भित्री म्हना, पन न्हाई बघितलं.

गाडीवाला वरडला, "आजी, मागं कोण चढलं? वजन लागतंय!"

कोन चढनार हो भर समुद्रात?

आन मग भामा बोलाया लागली. माझ्याशी न्हाई. त्याच्याशी बी न्हाई.

"कडू, सोड गं. नको वढू. मी मुद्दाम न्हाई सोडला दोर. हॉर्न वाजला गं. माझे डरम नंबराला मागं राहिले असते. डरम लावून लगीच येनार होते मी."

मला आधी कळलंच न्हाई. दोर सोडला म्हंजी? दोर तर तुटला होता.

मग कळलं.

दोर तुटलाच न्हवता.

खट्ट.

गाडी बंद पडली. गाडीवाला तर जाग्यावर बसलेला, पडला न्हाई, उठला न्हाई. त्यानं हात वर केला. लाल दोरी मनगटाला लोंबत होती. दुसरं टोक निघालेलं. तो त्या टोकाकडं बघतच राहिला.

सगळं शांत. लाटांचा सुदीक आवाज न्हाई.

मग खालून... गाडीच्या बरूबर खालून...

खर्र... खर्र...

खडकावर तांब्या घासल्यावानी. सावकास. कुनाला काई घाई नसल्यावानी.

खर्र... खर्र...

गाडीवाल्यानं ते ऐकलं. मी त्याचं तोंड बघितलं, त्यानं ऐकलं. तो दोरी पुन्हा अडकवायचा, आन ती बसायचीच न्हाई.

भामा रडत न्हवती. डोळे मिटून साधं बोलावं तसं बोलत होती.

"मी आले तवा पाईप सोडलेला होता. पानी धबाधबा पडत होतं. सगळे घागरींसाठी भांडत होते, कुनाचं ध्यान न्हवतं. तू वरडत होतीस, कडू. मला ऐकू येत होतं. एकट्या मला. मी पाईप काढा म्हनले असते तर काढला असता. पन लोक म्हनले असते, दोर सोडून डरमामागं पळाली. म्हनून मी... गप बसले."

तिला काई कळलं न्हाई, म्हनायची.

सहा वर्षं. एका ताटात.

मागं जे कोन बसलं होतं त्याचं भ्याव गेलं. म्होरं जी बसली होती तिचंच वाटाया लागलं. तिच्या जाकिटाखाली कडूचं हिरवं लुगडं होतं. मी नेसवलेलं.

दोरी बसली. गाडी चालू झाली. गाडीवाल्यानं किनारा येईस्तोवर मागं वळून बघितलं न्हाई.

वाळूवर उतरलो तर बाया टाळ्या वाजवत आल्या. गाडीवाला मला बाजूला घेऊन म्हनला, "आजी, मी दोघींनाच बसवलं होतं ना?" मी म्हनलं, दोघींनाच. त्यानं गाडी वर वढून घेतली आन त्या दिवशी दुसरं गिऱ्हाईक घेतलं न्हाई.

भामाला जाकिटाचा पट्टा सोडता येईना. मी सोडला. तवा ती माझ्या कानाशी म्हनली, "थांबतच न्हवती गं ती. किनाऱ्यापत्तर वढीत होती. दोन... मग दोन... मग दोन."

मी म्हनलं, काय वढीत होती?

तिनं माझ्याकडं बघितलं. आपन काय काय बोललो ते तिला कळलं, आन मी ऐकलं हे बी कळलं. मग पदर सारखा करून चंद्रभागाबाईला म्हनली, चला, भूक लागली.

त्यापरीस जास्ती काई न्हाई. माफी न्हाई, काई न्हाई. भूक लागली.

आठ दिवसांनी मीटिंग झाली. सेक्रेटरीनं ईचारलं, चेअरमनपदासाठी भामाबाईंचं नाव, सूचक कोन? सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. भामा बी.

मी गप बसले.

कावून गप हायेस म्हनून लोकांनी लई ईचारलं. मी तोंड उघडलं न्हाई. तिला कळावं, मानूस गप बसलं की दुसऱ्याला कसं वाटतं. दुसऱ्या कुनी बी नाव सुचवलं न्हाई. ठराव तसाच पडला.

ती अजून समोरच राहती. आमच्यात आता एक ताट न्हाई. मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी कडूचं लुगडं धुऊन, घडी करून माझ्या वट्यावर ठेवलेलं होतं. ते मी पेटीत टाकलं.

ते वाळतच न्हाई. कवा बी पेटी उघडा... दमट लागतं.

आता एक सांगते. जीभ गळायला नको म्हनून.

ह्यातलं एक खोटं हाय. एकच.

माझे दोनी हात कडीला न्हवते. उजवा होता. डावा भामाच्या पट्ट्यात होता. सहा वर्षं मला एक खुटखुट होती, त्या दोराचं तुटलेलं टोक मला कावून दाखवलं न्हाई म्हनून. मला बघायचं होतं ती काय करती. ते दोन झटके मी दिले.

पन लाल दोरीपत्तर माझा हात पुरत न्हाई. आन भर समुद्रात मी तांब्या कुठून आनू?

आन भामा म्हनली, किनाऱ्यापत्तर वढीत होती. दोन, मग दोन, मग दोन.

मी एकदाच वढलं होतं.