पुनमच्या ब्रेकला खोबरेल

किनवटच्या जंगलात, घाटापलीकडच्या नाल्याकाठी, धनेश पक्ष्याचं घरटं होतं. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर तिला फटीतून फळं भरवतो. पुनमला कॉलेजच्या प्रकल्पासाठी तोच फोटो हवा होता! म्हणून एप्रिलमधल्या एका सकाळी आम्ही तिघं सायकलींवर निघालो. पुढे पुनम, मध्ये पाण्याचे कॅन बांधलेला भागवत आणि मागे मी, मोहिमेचा तंत्रज्ञ. ही पदवी मीच घेतली होती.

आदल्या दिवशी पुनमच्या पुढच्या ब्रेकचं डावं रबर रिमला घासत होतं. मी नट सैल केला, ब्रेक सरकवला, आवळला. आता उजवं घासायला लागलं. पुन्हा सैल. पुन्हा डावं. शेवटी आमच्या घरी दार, पाळणा किंवा आजोबांचे गुडघे कुरकुरले की जे करतात, तेच केलं. दोन्ही रबरांना खोबरेल लावलं. आवाज बंद! मागच्या ब्रेकला वाईट वाटू नये म्हणून त्यालाही लावलं.

"शिव्या, हात लई गुणाचा हाय रे तुझा," पुनम म्हणाली. ते वाक्य बारा किलोमीटर माझ्या मानेवर बसून होतं.

चढ संपला. समोर वळणावळणाचा उतार, त्यावर सागाची वाळलेली पानं, आणि तळाला कोरड्या नाल्यातले काळे दगड. तेल लावलेली रबरं रिमला धरणारच नाहीत, हे मला अर्ध्या चढावर उमगलं होतं. आता सांगायलाच हवं होतं.

"पुनम, माझी सायकल घेतीस का?"

"का बरं?"

"रंग शोभंल तुला."

"येडा झाला का? तुझं सीट उंटाएवढं हाय." आणि ती सुटली.

पहिलं वळण. तिनं ब्रेक दाबला. काही नाही! पुन्हा दाबला. सायकल आणखी पळाली!

"शिव्या! ब्रेक लागंना!"

रस्त्यात वानरांची टोळी होती. ती शिस्तीत बाजूला झाली. एका म्हाताऱ्या वानरानं तर माझ्याकडे पाहून मान फिरवली. पुनमनं पाय घासले. धूळ! नाला पन्नास फुटांवर. वीस! तिनं हँडल वळवलं आणि सायकलीसकट घाणेरीच्या झुडपात गडप झाली!

आम्ही धावलो. झुडपातून आधी ओरखडलेला गाल आला, मग सुजलेलं मनगट.

"केबल तुटली वाटतं," ती म्हणाली.

भागवतनं मान डोलावली. मीही डोलावली असती तर सुटलो असतो.

"केबल न्हाई. मी खोबरेल लावलं. ब्रेकला."

"ब्रेकला केस येऊन राहिले होते का?" भागवतनं विचारलं.

पुनम हसली नाही. घरटं एक किलोमीटरवर होतं. तिनं तिकडं पाहिलं, मनगटाकडे पाहिलं. "परत."

मी रबरं दगडावर घासली, रिम वाळूनं आणि माझ्या शर्टानं पुसली. पुनम सांगत गेली. नट जरा सैल कर, ब्रेक दाबून दोन्ही रबरं टेकव, तसंच धरून आवळ. सोडलं तर दोन्हीकडे सारखी फट! काल विचारलं असतं तर? पण तंत्रज्ञ विचारत नसतो.

माझ्या सायकलीला कॅरिअर नव्हतं, म्हणून ती सागाला साखळीनं बांधली. पुनमची ढकलत आम्ही वर आलो. पलीकडे किनवटकडचा उतार.

"आधी एकटा जा," ती म्हणाली.

गेलो. वळणाआधी दाबला. थांबलो!

"लागला!"

"वर ये. अजून एकदा."

धापा टाकत वर गेलो, पुन्हा उतरलो, पुन्हा थांबलो, पुन्हा वर आलो. तेव्हा ती माझ्या मागे कॅरिअरवर बसली.

किनवट येईपर्यंत मी ब्रेकवरची बोटं काढली नाहीत. चढावरसुद्धा!