सदऱ्यावरून घरंगळलेलं पाणी

कापडगिरणीच्या जिन्यात दोघांची टक्कर झाली आणि तिच्या हातातला पाण्याचा पेला त्याच्या छातीवर रिकामा झाला. ती माफी मागणार, तोच... पाण्याचे गोल गोल थेंब झाले आणि टपाटप खाली घरंगळले. सदरा कोरडाठाक!

ती गिरणीच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ. असं न भिजणारं कापड तिला नुकतंच जमलं होतं, बाजारात गेलंही नव्हतं. मग ते या नव्या रंगाऱ्याच्या अंगावर कसं?

“कुठून आणलात हा सदरा?”

“घरचाच आहे...” तो हसला, पण नजर चुकवून.

तिच्या मनात पाल चुकचुकली.

मग तो सारखा प्रयोगशाळेत डोकावू लागला.

“जलविरोधी म्हणजे पाण्याला भिणारं का हो?”

“भीती नाही की वैर नाही. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून बसतात, मेणासारख्या पदार्थाला जवळ करत नाहीत. म्हणून मेणावर थेंब पसरत नाही, गोळा होतो.”

“म्हणजे मेणाचा दोष नाहीच... बिचाऱ्याला कुणी विचारतच नाही!”

तिला हसू फुटलं. तिने ते दाबलं. गोड बोलून माहिती काढतोय... दुसऱ्या गिरणीने तर पाठवला नसेल?

शेवटी एका शनिवारी तो सापडलाच. फेकायला ठेवलेल्या डब्यातलं, कापडाला लावायचं मेणाचं मिश्रण बाटलीत भरत होता.

“कुणाला विकता हे?”

त्याचा चेहरा पडला. “विकत नाही. घरी चला, दाखवतो.”

ती तणतणतच गेली. खिडकीपाशी त्याचे वडील चहा पीत बसले होते. कप थरथरत होता, चहा छातीवर सांडत होता आणि डाग न पाडता ओघळून जात होता.

“अंगावर सांडतं म्हणून बाबांनी चारचौघांत बसणंच सोडलं होतं,” तो हळूच म्हणाला. “आधी माझ्या सदऱ्यावर लावून पाहिलं.”

“मग मागायचं होतं!”

“तुमचा तो फौजदारी चेहरा... धीरच होईना.”

“आणि ते सगळे प्रश्न?”

“पहिला बाबांसाठी. बाकीचे...” तो अडखळला. “तुम्ही बोलत राहावं म्हणून. आवडता तुम्ही मला.”

ती त्याला निरखत राहिली — हीही थाप नसेल कशावरून?

“खरं बोलतोय गं तो,” वडील म्हणाले. “खोटं बोलला की कान लाल होतात त्याचे.”

तिने वाकून पाहिलं. “लालभडक आहेत की!”

“अगं, ते लाजेने!”

आता मात्र तिला हसू आवरेना. खुर्ची ओढून ती वडिलांशेजारी बसली.

“सोमवारी साहेबांना सगळं सांगायचं. मीही येते बरोबर. मिश्रण रीतसर मागून घ्यायचं,” ती दटावत म्हणाली. “आणि प्रश्न... ते रोज घेऊन यायचे.”