तीनदा

“थांबा! आत येऊ नका!”

पहिल्या भेटीत बोलायला याहून वाईट वाक्य त्याला शोधूनही सापडलं नसतं. रुबेलाच्या जिवंत विषाणूंवर काम चालायचं, त्या खोलीच्या दारात ती उभी होती. आजच रुजू झालेली, पांढऱ्या कोटाची बटणं वरखाली लावलेली.

“आधी तपासणीला रक्त द्यावं लागेल,” तो ओशाळून म्हणाला.

“नोकरीत रक्त आटतं हे ऐकून होते... पहिल्याच दिवशी?” तिने बाही वर केली.

प्रयोगशाळेत त्याला सगळे ‘तीनदा’ म्हणत. तो प्रत्येक चाचणी तीनदा करायचा. घराचं कुलूपही तीनदा ओढून बघायचा. चाचणीच्या प्लेटमधल्या बारीक खळग्यांत विषाणूची प्रथिनं चिकटवलेली असत. रक्तात त्या विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं असली की ती त्यांना जाऊन बिलगत आणि शेवटी खळगा पिवळा होई. तिचा खळगा नितळ राहिला. तिन्ही वेळा.

म्हणजे आता लस, आणि प्रतिपिंडं दिसेपर्यंत तिला ही खोली बंद. कंटाळून ती दुसरीकडे निघून गेली तर? त्यात लसीची सूचना सांगून सही घेणंही त्याच्याकडेच.

“लस घेतल्यावर... म्हणजे... महिनाभर...” त्याचे कान तापले. “गरोदर राहायचं नाही.”

“बरं झालं सांगितलंत,” ती गंभीरपणे म्हणाली. “आई लग्नाच्या मागेच लागलीय.”

त्याचं पेन पडलं. “कधी आहे लग्न?”

“मुलगा सापडू दे की हो आधी!”

महिनाभर ती खालच्या मजल्यावर नमुन्यांच्या नोंदी ताडून बघत बसली. तो दिवसातून तीनदा काहीतरी विसरल्याचं निमित्त करून खाली जायचा. एकदा दोन नळ्यांची अदलाबदल तिने नुसत्या नजरेने पकडली — त्याच्या तिन्ही तपासण्यांतून सुटलेली! त्याने आ वासला. त्या दिवशी गडी पुरता गारद झाला.

महिना उलटला. नव्या प्लेटमध्ये तिचा खळगा पिवळाधमक उजळला. त्याने प्लेट उजेडात धरली.

“अजून दोनदा करणार ना?” तिने विचारलं.

“नको. खात्री आहे.” त्याने प्लेट खाली ठेवली. “आईंना सांगाल... मुलगा सापडला म्हणून?”

तिने भुवया उंचावल्या. “तुम्ही — आणि एकदाच विचारताय?”

“लग्न कराल माझ्याशी?”

“दोन झाले.”

तिसऱ्यांदा विचारण्याऐवजी त्याने त्या खोलीचं दार उघडलं आणि तो बाजूला सरला.

“आत या ना...”

“हे तिसरं धरते,” ती म्हणाली, आणि कोटाची बटणं नीट लावून आत आली.