भिंगरीजवळची खुर्ची

आजारी मुलांच्या आईबापांना घटकाभर पाठ टेकता यावी म्हणून त्या रुग्णालयात एक संस्था माणसं पुरवायची. आईने समोरच्या इमारतीत संस्थेच्या खोलीवर जावं, अंघोळ करावी, झोपावं. तोवर मुलाजवळ संस्थेच्या मावशीने बसावं. आपल्या ह्या मावशी शाळेतून निवृत्त झालेल्या. अंगाने उंच, आवाजाने त्याहून उंच. भुताखेताचं नाव काढणाऱ्याला पाढे म्हणायला लावतील अशा.

संस्थेचा एक नियम मात्र त्यांना पटत नसे. आई परत येईपर्यंत खुर्ची सोडायची नाही. काही लागलं तर घंटी दाबायची.

"का हो ताई, खुर्चीला काय पाय फुटतात?" त्यांनी संस्थेच्या ताईंना विचारलं होतं.

"तुम्ही बसून राहा म्हणजे झालं," एवढं बोलून ताई कामाला निघून गेल्या.

त्या दुपारी पलंगावर भिंगरी होती. घरात एका जागी ठरायची नाही म्हणून हे नाव पडलेलं, आणि आता उशीवरून मान उचलायचीही चोरी. ताप उतरला तरच नवं औषध सुरू करता येईल, नाहीतर कठीण आहे, असं डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते. आईचे डोळे जागून जागून खोल गेले होते.

"जा गं बाई, जरा आडवी हो. मी आहे ना," मावशी म्हणाल्या.

आई गेली, आणि खोलीची किल्ली टेबलावरच राहिली. आता बिचारी जिने उतरून पुन्हा चढणार! मावशी उठल्या, दारातून हाक मारली, किल्ली तिच्या हातात दिली आणि वळल्या. एवढंच काय ते झालं.

भिंगरी पलंगाच्या पार कडेला, भिंतीला चिकटली होती.

"काय झालं गं?"

"ती बाई कोण?" तिची नजर खुर्चीवर होती.

"कोणी नाही, बाळ."

"मग तुम्ही कुठे बसणार?"

तापात मुलं बरळतात, मावशींनी स्वतःला बजावलं. पण खुर्चीची गादी दबलेली होती. त्यांच्या देखत ती पुढच्या कडेला आणखी दबली, बसलेल्या माणसाने पलंगाकडे वाकावं तशी.

त्यांनी घंटी दाबली. सिस्टर आली, ताप पाहिला, "वाढलाय, डॉक्टरांना बोलावते" म्हणाली. जाताना ती रिकाम्या खुर्चीला वळसा घालून गेली. खुर्चीकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

"ती चल म्हणते," भिंगरी पुटपुटली. "मावशी, मला नाही जायचं."

मावशी भ्याल्या. पाढे-बिढे सगळं विसरून, हातपाय गार पडेपर्यंत भ्याल्या. उठून पळत सुटावं असं वाटलं. पण पोरीने त्यांचं बोट धरलं होतं, आणि ती पकड सैल होत चालली होती.

मावशी वळल्या आणि खुर्चीत बसल्या.

खाली गादी लागली नाही. दोन गुडघे लागले.

हाडकुळे. गार.

त्या उठल्या नाहीत. आपण उठलो की ही पुन्हा पोरीकडे वाकणार, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. डॉक्टर आले, सुई देऊन गेले. मावशी भिंगरीचा हात धरून बसून राहिल्या. हळूहळू त्या हाताची आग कमी झाली.

संध्याकाळी आई आली. न्हालेली, वेणी घातलेली, किती दिवसांनी माणसात आल्यासारखी.

"मावशी, ताप उतरला म्हणे! उठा आता, मी बसते." मग खाली पाहून ती हसली. "अहो, एवढ्या उंच तुम्ही, आणि पाय टेकत नाहीत?"

"तू पलंगावर बस." मावशींचा शाळेतला आवाज कुठल्या कुठे गेला होता. "मी उठत नाही."

"असं काय करता? घरी वाट बघत असतील."

"आई, त्यांना नको उठवू," भिंगरी म्हणाली. "ती म्हणते, आता ह्याच चालतील."

"बघा, कसा लळा लागलाय तुमचा," आई म्हणाली आणि कौतुकाने लेकीच्या कपाळावरून हात फिरवू लागली.

मागून दोन हात आले आणि मावशींच्या पोटावर एकमेकांत गुंतले.