लाल फूल

"तू माझी आई नाहीस, टीनमावशी! आणि जन्मभर दुसऱ्यांची उष्टी काढण्याला त्याग म्हणणं मला जमणार नाही!"

रोवेनाचे शब्द ऐकले आणि अर्नेस्टीनच्या हातातला मक्याच्या पावाचा तुकडा हातातच राहिला. ज्या पोरीला तिनं तीन महिन्यांची असताना उराशी धरलं, तीच आज युनिव्हर्सिटीतून सुटीला आली होती आणि सकाळी चर्चच्या महिला सभेत घराच्या बेड्या तोडण्यावर भाषण ठोकून मोकळी झाली होती. बरं, उदाहरण कुणाचं द्यावं? सख्ख्या मावशीचं! साऱ्या बायका माना वळवून वळवून बघत होत्या... अर्नेस्टीनला धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं होतं.

"बेड्या?" ती कशीबशी म्हणाली. "अगं पोरी, तुझ्या पुस्तकातल्या बायकांना घराबाहेर पडायचंय. आम्हा काळ्या बायकांना कुणी घरात राहू दिलं होतं गं? आजी कापूस वेचायला, आई गोऱ्यांची धुणी धुवायला, आणि मी त्यांचीच पोरं सांभाळायला! तुझ्या आजोबांना गोऱ्यांनी भर बाजारातून धरून नेलं, ते परत आलेच नाहीत. आम्हाला घर मोडायचं नव्हतं, राजा... ते एकदा तरी नीट उभं राहिलेलं बघायचं होतं. आमच्या पुरुषांसकट!"

"मग तुझं घर कुठाय, मावशी? तुझा पुरुष कुठाय?"

पुरुष होता की एक. ओटिसनं लग्नाचं विचारलं होतं, शिकागोला चल म्हणाला होता. पण मेलेल्या बहिणीचं पोर काही सोबत नको म्हणाला, आणि तिनं त्याला एकट्याला गाडीत बसवून दिलं होतं. हे सांगून पोरीच्या डोक्यावर उपकारांचं ओझं ठेवायचं? छे! अर्नेस्टीन ताटं उचलू लागली. रोवेनानं बॅग उचलली आणि दार आपटून ती निघून गेली.

पण खरा काटा दुसराच होता. मरताना क्लोटीलनं बहिणीचा हात घट्ट धरला होता... "टीन, माझ्या लेकीला माझा विसर पडू देऊ नकोस गं!" म्हणून बोबड्या बोलात रोवेनानं पहिल्यांदा 'आई' म्हणून हाक मारली, तेव्हा अर्नेस्टीननंच तिला दुरुस्त केलं होतं. "मी मावशी. आई देवाघरी आहे." आणि मग चुलीकडे तोंड करून ती ढसाढसा रडली होती.

मे महिन्यातल्या मातृदिनाला आमच्या चर्चच्या दारात फुलांची टोपली असते. आई जिवंत असेल त्याला लाल फूल, गेली असेल त्याला पांढरं. पांढरे हातमोजे घालून ती टोपली धरायचा मान कित्येक वर्षं अर्नेस्टीनचा. दर वर्षी स्वतःच्या हातानं तिनं रोवेनाच्या फ्रॉकला पांढरं फूल टाचलं. एकदा पाच वर्षांच्या त्या जिवानं "मला लाल हवं!" म्हणून हट्ट धरला, तर अर्नेस्टीननं तिच्या हातावर चापट मारली होती... ती चापट तिला अजून झोंबत होती.

पोरगी गेली ती गेलीच. चार वर्षं गावात पाऊल नाही. अर्नेस्टीनचं हृदय थकत चाललं, डॉक्टरनं फार दिवस नाहीत म्हणून बजावलं. पण तिनं कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही.

आणि त्या वर्षीच्या मातृदिनाला तिच्या टोपलीसमोर एक उंच बाई येऊन उभी राहिली. रोवेना! अर्नेस्टीनच्या हातांनी सवयीनं पांढरं फूल उचललं.

"हे नको. लाल दे."

"थट्टा करू नकोस, पोरी..."

"अगं बाई, हिची आई तर केव्हाच गेली!" मागून रांगेतल्या मोझेलबाईंचा आवाज आला.

"मोझेलबाई, माझी आई टोपली घेऊन उभी आहे!" रोवेना मागे वळून म्हणाली. "मावशी, तिकडे वर्गात कुणीसं म्हणालं, तुमच्या बायका मागासच, घर घर करत बसल्या. मी भांडायला उठले... आणि तोंडातून तुझीच वाक्यं आली गं! मी तुला काय काय बोलले!"

"बोललीस तर बोललीस. घरच्यांना नाही बोलणार तर कुणाला?" अर्नेस्टीनच्या डोळ्यांना धार लागली. "पण क्लोटीलला काय वाटेल? मी तिला शब्द दिलाय..."

"मग दोन्ही लाव. पांढरं तिचं, लाल तुझं."

मागे रांग खोळंबली होती. अर्नेस्टीननं दोन्ही फुलं टाचली. मग रोवेना तिच्या खांद्यावर डोकं ठेवून "आई" म्हणाली. आणि या वेळी अर्नेस्टीननं तिला दुरुस्त केलं नाही.

पुढच्या मे महिन्यात टोपली रोवेनाच्या हातात होती. सगळ्यांना फुलं लावून झाल्यावर मोझेलबाई पुढे झाल्या आणि त्यांनी तिच्या छातीवर एक पांढरं फूल टाचलं.

"अजून एक, मोझेलबाई," रोवेना म्हणाली. "पांढरंच."