अंगठेबहाद्दर

टेकडीवर कुणीतरी आमची नळी पळवतंय असं मला खिडकीतून दिसलं, म्हणून मी काठी घेऊन वर गेले. चोर उंच होता. गळ्यात पारदर्शक नळीचं वेटोळं, खिशातून खुंट्या डोकावतायत, आणि चेहऱ्यावर भाव असा, की टेकडी याच्या मामाची.

नळी कुणाची, असं मी दरडावून विचारलं.

"माझी," तो म्हणाला. "टेकडी तुमची. काठी कुणासाठी?"

"...म्हशीसाठी."

"म्हैस खाली आहे."

तो खालच्या मळ्यातला निघाला. ओढ्याकाठच्या चौदा शेतकऱ्यांनी मिळून गट केला होता. दर पावसात आमच्या टेकडीची माती ओढ्यात उतरायची, ओढ्याचा चहा व्हायचा, आणि पाऊस संपला की दोन महिन्यांत ओढा ठणठणीत कोरडा. उपाय म्हणजे टेकडीवर आडवे, अगदी सपाट चर खणायचे. पाणी तिथेच थांबेल, मुरेल, आणि ओढ्याला सावकाश भेटेल. गटाची प्रमुख माझी आत्या. तिच्याशी वाद घालून माझे आप्पा आजवर एकदाही जिंकलेले नाहीत. पण या वेळी त्यांनी अट घातली होती: आधी एकच चर. जमला तर अख्खी टेकडी तुमची, बिघडला तर इथे पुन्हा पाय ठेवायचा नाही.

नळीचं दुसरं टोक धरणाऱ्या गड्याची त्या दिवशी पाठ धरली होती. म्हणून टोक मी धरलं. निव्वळ माणुसकी... दुसरं काही नाही.

काम सोपं होतं. नळीत पाणी भरायचं. चालताना दोन्ही टोकांवर अंगठा दाबायचा, म्हणजे सांडत नाही. थांबलं की अंगठा काढायचा. पाणी जरा डुलतं, मग दोन्हीकडे एकाच उंचीला उभं राहतं. उंची जुळली की खुंटी.

"स्थिर झालं का?" तो वीस पावलांवरून विचारायचा.

"झालं."

"इतक्यात?"

"आमच्याकडचं पाणी समजूतदार आहे."

"मग आमच्या मळ्यात येईपर्यंत त्याचं डोकं का फिरतं?"

"संगत," मी म्हणाले.

तो हसला की त्याच्या नाकावरचा मातीचा ठिपका वर सरकायचा. चाळीस खुंट्या झाल्या. विसाव्या खुंटीच्या आसपास 'तुम्ही'चं 'तू' झालं—कुणी केलं ते आठवत नाही. मीच केलं असणार.

गटानं आठ दिवस खपून चर खणला. नवव्या दिवशी पाऊस आला.

चरानं पाणी अडवायचं होतं. त्यानं पाण्याला वाट दाखवली. सगळ्या टेकडीचं पाणी शिस्तीत, रांगेत, थेट आमच्या गोठ्यात उतरलं. कोंबड्या छपरावर चढल्या. आप्पांचा डावा जोडा ओढ्याला लागला आणि थेट खालच्या मळ्यात पोचला. आमच्या घरातून तिकडे पहिलं स्थळ गेलं ते असं. म्हैस तेवढी आनंदात डुंबत होती.

दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात बैठक बसली. खुर्च्या चिखलात इंचाइंचानं खचत होत्या, त्यामुळे जो तो बोलता बोलता बुटका होत होता. टेकडी बंद, असं आप्पांनी सांगून टाकलं. आत्यानं विचारलं, चुकलं कुणाचं?

तो उठला. हातात आप्पांचा जोडा, धुऊन पुसलेला. "माझं चुकलं, काका. खुंटी ठोकताना अंगठा नळीवरच राहिला. पाणी हललंच नाही."

"अंगठेबहाद्दर," आत्या म्हणाली, आणि चौदाच्या चौदा जण हसले. आप्पा हसले नाहीत. जोडा घेतला आणि त्याला फाटकाकडे बोट दाखवलं.

मी माझ्या अंगठ्याकडे बघितलं. दिवसभर त्याचा अंगठा उघडताना मी पाहिला होता, प्रत्येक खुंटीला, न चुकता. माझा मात्र... एकदाही नाही. त्याला हे कळलं होतं, आणि तरी तो फाटकाकडे निघाला होता. मी गप्प बसले असते तर तोही गेला असता आणि ओढाही.

"आप्पा," मी म्हणाले, "अंगठा माझा होता."

"चाळीस खुंट्यांत एकदाही काढला नाहीस?" आप्पांचा विश्वास बसेना. "लक्ष कुठे होतं तुझं?"

खोटं सुचेना.

"दुसऱ्या टोकाकडे," मी म्हणाले.

चौदा शेतकरी एकदम आभाळ बघायला लागले. तो फाटकाला धरून उभा, कान लालबुंद. सगळ्यात आधी सावरली ती आत्या. म्हणाली, म्हणजे घोळ आपल्याच घरचा, दादा. मग बंदी गटावर कशी? आप्पांनी नेहमीसारखं तोंड उघडलं आणि नेहमीसारखं मिटलं.

रेघ पुन्हा आखली. या वेळी नळीच्या मध्यावर, नळी खांद्यावर घेऊन, स्वतः आप्पा. प्रत्येक खुंटीला त्यांचं एकच: "अंगठा."

पुढच्या पावसात चर काठोकाठ भरला आणि जागेवरच उभा राहिला. गोठा कोरडा. म्हैस आमच्यावर रुसलेली. आम्ही तिघं बघायला वर गेलो. तो चराच्या त्या टोकाला, मी या टोकाला, आप्पा मध्ये.

"स्थिर झालं का?" त्यानं तिकडून विचारलं.

"पाणी झालंय."

"आणि... तू?"

"मी नाही झाले," मी म्हणाले. "त्या दिवसापासून नाही. तुझ्याकडे काय परिस्थिती?"

"सारखीच. उंची जुळतेय."

आप्पा खाली वाकून पाण्यात काहीतरी निरखत होते. मान वर न करताच म्हणाले, "मग ठोका आता खुंटी. मला दोन्हीकडचं ऐकू येतंय."