बसव्वाक्कांचा अभिप्राय

"मॅडम, झालं असंल तर उठा की! बेंगळुरूचं गिऱ्हाईक गुळाच्या भावासाठी ताटकळलंय."

शाहूपुरीतल्या त्या नेटकॅफेत मी मान वर केली. उंच, सावळा, बाहीला गुळाचा डाग... आणि आवाज असा, की शेजारचे दचकलेच.

"माझे विद्यार्थीही ताटकळलेत," मी ठसक्यात म्हणाले. "बसा."

तो बसला—अगदी शेजारच्या स्टुलावर—आणि बिनदिक्कत माझ्या स्क्रीनमध्ये डोकावला. "ह्ये काय हाय?"

सांगावंच लागलं. २००८ साल होतं. कन्नड शाळेत शिकून कोल्हापुरात आलेल्यांना मी मराठी वाचायला शिकवत होते. पुस्तक हातात दिलं की सगळे जांभया द्यायचे. म्हणून मी इंटरनेटवर वर्गाचं एक सामाईक पान उघडलं. दर आठवड्याला त्यावर मी गोष्ट टाकायची; प्रत्येकानं ती वाचून खाली आपलं मत लिहायचं, दुसऱ्याचं खोडून काढायचं. भांडायला मिळतं म्हटल्यावर मंडळी वाचू लागली होती.

"भांडायचं? मग मला घ्या की!" तो हसला. "मी संगमेश. आजोळी निपाणीकडं कन्नड शाळेत शिकलो. मराठी बोलतोय फाडफाड, वाचायला बसलो की गाडी चिखलात."

हसू दाबत मी त्याचं नाव वर्गाच्या पानावर घातलं.

आणि काय भांडला म्हणून सांगू! गोष्टीतली नायिका रुसली की हा लिहायचा, "चूक तिचीच हाय." मी खाली लिहायची, "परत वाचा." तो खरंच परत वाचायचा. दुसऱ्या दिवशी उत्तर यायचं—"वाचलं. थोडी त्याची पण हाय." हळूहळू मी गोष्टी त्याच्यासाठीच निवडू लागले. तो कॅफेत आला की आधी गुळाचा वास यायचा आणि माझी बोटं अडखळायची... प्रेमात पडले होते, दुसरं काय!

पण बोलायचं कसं? आम्ही बौद्ध, ते लिंगायत. त्याच्या वडिलांची, आण्णांची, गुळाची पेढी त्याच गल्लीत.

वर्गात सगळ्यांत थोरल्या बसव्वाक्का. शिलाईकाम करायच्या. एकेक अक्षर जुळवत एके दिवशी त्यांनी आपलं पहिलंवहिलं मत लिहिलं: "गोष्ट बरी हाय. पण संगमेश गोष्टीसाठी येत न्हाय. मॅडमसाठी येतोय. मॅडमला बी त्यो आवडतोय."

सगळ्या वर्गासमोर! त्यात संगमेशची चुलत बहीण सौंदर्याही होती. म्हणजे बातमी पेढीवर पोचलीच. संगमेश यायचा बंद झाला.

पान माझं होतं, एका क्षणात पुसता आलं असतं. पण बसव्वाक्कांनी मराठीत पहिल्यांदाच मनातलं काही लिहिलं होतं... आणि ते खरं होतं. मी पुसलं नाही. खाली लिहिलं, "माझ्यापुरतं खरं आहे. —निशा."

त्यानंतर पानावर कुणी लिहीना. मी चिडले, रडले, बसव्वाक्कांशीही धड बोलले नाही.

शनिवारी तो आला. स्टूल ओढलं, स्क्रीनवर बोट ठेवून बसव्वाक्कांचं मत मोठ्यानं वाचलं. मग खालचं माझं, दोनदा.

"इतके दिवस कुठं होतात?"

"आण्णांची समजूत काढत हुतो. लई तापले. आता म्हणत्यात, पोरीच्या घरी जाऊन लग्नाचं बोलतो." तो माझ्याकडे वळला. "पण आधी तुलाच इचारायचं हाय... लगीन करशील माझ्याशी?"

सगळा कॅफे आमच्याकडे बघत होता.

"हळू बोल ना!"

"हळू येत न्हाय मला."

"करीन," मी म्हणाले. "पण आण्णांना थांबव. आधी मी बाबांना सांगते. आत्ताच."

"न्हाय म्हणले तर?"

"तर उद्या परत सांगेन."

आमच्या घराशी आल्यावर तो म्हणाला, "मी भाईरच थांबतो." एवढा मोठा आवाज कुठं गेला कोण जाणे!

"आत चल," मी म्हणाले. बाबांचा राग मला ठाऊक होता. तरी पायरी चढताना मी त्याचा हात सोडला नाही.